२०० शब्दांत ‘क्रिएटिव्ह प्रॅक्टिस’ लिहून मागितलीय, केळीच्या सोपटावर काम करणाऱ्याने काय लिहावं?

सोपटवाला (रावेर तालुका)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी खिरोद्याला एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) केलं, आता एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवतो आणि घरची केळी आहे म्हणून उरलेला वेळ बागेत. ५-६ वर्षं झाली केळीच्या खांबाचं सोपट (म्हणजे खांबाचे पदर), पराट्या (कपाशीची वाळलेली झाडं) आणि जुन्या प्लॅस्टिकच्या चटया यातून शिल्पं करून राहिलो. शिल्पं म्हणजे माणसाच्या उंचीच्या आकृत्या, काही उभ्या काही लटकत्या, अर्धवट गुंडाळल्यासारख्या. गावात लोक त्याला बुजगावणं म्हणतात, मी पण आता भांडत नाही.

तर झालं असं की मुंबईत ७ जणांचा एक ग्रुप शो आहे त्यात माझी ३ कामं घेतली. आनंद झाला, पेढे वाटून झाले. मग मेल आला की २०० शब्दांत आर्टिस्ट स्टेटमेंट द्या, त्यात तुमची क्रिएटिव्ह प्रॅक्टिस, प्रोसेस आणि कन्सेप्ट पाहिजे, मराठीत दिलं तरी चालेल आम्ही ट्रान्स्लेट करून घेऊ. तीन रात्री बसलो. दुसऱ्यांचे कॅटलॉग वाचून वाचून हे लिहिलं:

“माझ्या कलाकृती निसर्ग आणि मानव यांच्यातील अतूट नात्याचा शोध घेतात. स्मृती, विस्थापन आणि काळ यांच्या अंतःप्रवाहांना मी विविध माध्यमांतून स्पर्श करतो. जैविक पदार्थांच्या क्षणभंगुरतेतून अस्तित्वाचे प्रश्न उपस्थित होतात.”

वाचून माझी मलाच लाज वाटली. विस्थापन कुणाचं? आम्ही चार पिढ्या त्याच घरात आहोत, ओटा सुद्धा तोच आहे. पण मग लिहायचं काय? काम करताना डोक्यात असं काही नसतंच, डोक्यात असतं की हा वेढा सुटतोय, पाणी मारू का. तुम्ही लोक कसं लिहिता?

आणि दुसरा प्रश्न जास्त अर्जंट, पावसाळ्यात सोपटाला बुरशी धरते, काळे ठिपके. शो ऑगस्टमध्ये आहे. काय करू?

पांझराकाठ (धुळे)

भो, अभिनंदन आधी. आणि ते तीन वाक्यं मी ओळखतो, मी पण लिहिलीयेत, सगळ्यांनी लिहिलीयेत, ती वाक्यं बहुतेक एकाच माणसाने लिहून ठेवलीत आणि आपण आळीपाळीने वापरतो.

मी १४ वर्षं पुतळ्यांच्या कामावर हेल्पर होतो, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, फायबरचं काम जास्त, मधून मधून स्वतःचं वेल्डिंगचं शिल्प. आपल्या धुळ्याला शिल्पकार म्हटलं की पहिलं नाव गोंदूरचे राम सुतार, १९२५ चा जन्म, सुताराच्या घरातला पोऱ्या जेजेला गेला आणि पुढे सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्यापर्यंत पोचला. आमच्याकडे कुणी मुलगा माती कालवायला लागला की बाप म्हणतो हा राम सुतार व्हायचा. त्यात नुकसान एकच झालं, पुतळा म्हणजेच शिल्प असं लोकांच्या डोक्यात बसलं. तुझं बुजगावणं त्यात बसत नाही.

मला एकदा असंच स्टेटमेंट मागितलं होतं. माझ्या कामात मधे मधे मोठ्या मोकळ्या जागा असतात, पोट नाही, पाठ नाही, नुसत्या सळ्या. मी लिहिलं होतं “रिक्ततेचा अवकाश”. खरी गोष्ट काय, तर पहिल्या कामाला पत्रा कमी पडला, उधारी मिळेना, म्हणून तसंच सोडलं आणि बघितलं तर ते भरलेल्यापेक्षा बरं दिसत होतं. पुढच्या वेळी पत्रा होता तरी नाही लावला. हे का नाही लिहिलं मी? कारण लाज वाटली, गरिबी दिसेल म्हणून. पण माझ्या कामातला एकमेव निर्णय जो मी खरोखर घेतला तो हाच होता.

शिल्पकार रामकिंकर बैजांचं शांतिनिकेतनमधलं ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प १९३८ चं आहे, सिमेंट आणि तिथलीच लाल जांभ्याची खडी. ब्रॉन्झ नाही संगमरवर नाही. ती खरबरीत कातडी त्या खडीमुळे आलीय, आणि आज त्या कातडीसाठीच ते काम ओळखतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच, तुझा माल तुला काय करू देत नाही ते लिही. माझ्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला फायबरच्या रेझिनमध्ये हिवाळ्याइतका हार्डनर (ते घट्ट करणारं रसायन) टाकला तर ते मगमध्येच दगड होतं आणि असं तापतं की मग वाकडा होतो, त्यामुळे उन्हाळ्यात मी मोठा साचा भरतच नाही, छोटे छोटे तुकडे करतो आणि जोड तसेच ठेवतो. माझं काम तुकड्यांचं का, तर मे महिन्यामुळे.

आता तू सांग. खांब कधी आणतोस, आधी काय करतोस, हात कशाने काळे होतात, काय फसलं. कन्सेप्ट राहू दे बाजूला.

आबा मूर्तीवाले (अमळनेर)

भाऊ, मी काय जास्त शिकेल नही, पन सांगस. तू जे लिखेल शे ते तुनी मायले वाची दाखाड. तिले समजनं ते पाठाडी दे, नही समजनं ते फाडी टाक.

आता सरळ लिहितो नाहीतर पुण्यावाल्यांना कळायचं नाही. ४० वर्षं गणपती, गुलाबाई, कानबाईचे मुखवटे करतोय. मला कुणी कधी स्टेटमेंट मागितलं नाही. गिऱ्हाईक येतं, मूर्तीसमोर उभं राहतं, डोळे बघतं. आखणी जमली असेल तर हात जोडतं, नसेल तर भाव पाडून मागतं. तेच स्टेटमेंट. मला वाटतं तुम्ही नव्या पोरांनी बोलायचं काम जास्त वाढवलंय, काम बोलू द्या.

मास्तरीणबाई (नंदुरबार)

आबा, रागावू नका पण तुमचं गिऱ्हाईक घरातून शिकून येतं. गणपती कसा असतो हे त्याला लहानपणापासून माहितीये, सोंड कुठे, हात किती, म्हणून मूर्ती बोलते. सोपटवाल्याच्या आकृतीसमोर मुंबईचा माणूस उभा राहील त्याला सोपट म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, फार तर फुलवाल्याने गजरा बांधलेला बघितला असेल. त्याला एक-दोन गोष्टी सांगाव्या लागतीलच. वाचून दाखवायचं मात्र शंभर टक्के पटलं.

सोपटवाले दादा, मी शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी मातीत काम करते, त्यामुळे तुमच्या रात्री कळल्या. दोन बायका नक्की बघा, फोटो मिळतील. एक मृणालिनी मुखर्जी, बडोद्याला शिकल्या, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. जाड दोराच्या नुसत्या गाठी मारून माणसापेक्षा उंच आकृत्या करायच्या, यक्षी, वनश्री अशी नावं. आधी चित्र काढून ठेवायचं नाही, गाठ मारत जायची आणि आकार सापडत जायचा. आणि दुसऱ्या शीला गौडा, कर्नाटकातल्या भद्रावतीच्या, १९९० नंतर त्यांनी पेंटिंग सोडून शेणात काम सुरू केलं. पुढे सुईत दोरा ओवायचा, असे कितीतरी दोरे एकत्र करून कुंकवाने माखायचे आणि त्याचा लांबच लांब लाल दोर, टोकाला सुयांचा झुपका तसाच लोंबता ठेवलेला. आता बघा, मी एवढंच सांगितलं, ओवलं, माखलं, लोंबतं ठेवलं. बाईच्या कामाबद्दल, दुखण्याबद्दल एक शब्द बोलले नाही तरी तुमच्या बोटाला काहीतरी झालं की नाही?

माझं स्वतःचं सांगायचं तर आमची काळी माती. कपाशीला सोनं पण मूर्तीला वैरी. ओली असताना फुगते, सुकताना अशी आक्रसते की सकाळी बघावं तर चेहऱ्याला कानापासून हनुवटीपर्यंत चीर. कुंभारकाका म्हणाले लीद घाल, राख घाल, नदीचा गाळ घाल. घातलं, चिरा कमी झाल्या. मग मला त्या चिरांची आठवण यायला लागली. आता मी मुद्दाम अर्धीच राख घालते, चीर कुठे जाणार ते मला माहीत नसतं पण जाणार हे माहीत असतं. हे मला लिहून काढायला सहा वर्षं लागली, तुम्हाला तीन रात्री म्हणजे काहीच नाही.

भुसावळ जंक्शन (सध्या मुंबई)

मी एका गॅलरीत डिस्प्लेचं काम करतो, ठोकाठोकी, लायटिंग, क्रेट उघडणे वगैरे. त्यामुळे स्टेटमेंट वाचणाऱ्यांच्या बाजूचं सांगतो. क्युरेटरकडे, म्हणजे शोसाठी कामं निवडणाऱ्याकडे, एका दिवसात ढीगभर येतात. दोन ओळी वाचतात. तुमची पहिली ओळ “निसर्ग आणि मानव” असेल तर संपलं.

प्रॅक्टिकल सल्ला देऊ का, राग मानू नका. तुमच्याकडे तयार अँगल आहे. केळी उत्पादक, कर्ज, भाव, वादळात आडवी झालेली बाग, शेतकऱ्याचं मरण. गुंडाळलेल्या आकृत्या म्हणजे डेड बॉडीच वाटणार लोकांना, ते म्हणा ना सरळ. मुंबईत हे चालतं, पेपरवाले पण उचलतात.

मास्तरीणबाई (नंदुरबार)

जंक्शन भाऊ, “चालतं” म्हणजे काय हो? दादांच्या घरी असं काही झालंय का हे तरी विचारायचं आधी. ज्यांच्या घरी झालंय त्यांच्या दारात मी गेलेली आहे, ते दुःख दुसऱ्याने भिंतीवर टांगायला उसनं न्यायची वस्तू नाही. आणि खान्देशातून कुणी आलं की तो एकतर आदिवासी कलाकार नाहीतर दुःखी शेतकरी, तिसरा कप्पाच नाही का तुमच्याकडे? माझं मातीचं काम एकदा बाहेर गेलं होतं तर खाली पट्टी लावली, सातपुड्याची आदिम अभिव्यक्ती. मी देशस्थांच्या घरातली, सासर शहाद्याचं, आदिम कुठून झाले?

भुसावळ जंक्शन (सध्या मुंबई)

ताई बरोबर आहे, माझं चुकलं. रोज तेच बघून तेच बोलायची सवय लागते. पण एक राहतंच, शहरातला माणूस तुम्हाला कप्प्यात टाकणारच, तुम्ही सांगितलं नाही तर तो स्वतः ठरवणार. म्हणून तर स्टेटमेंट लिहायचं, की त्याच्या आधी तुम्ही बोलावं.

आणि स्टेटमेंटपेक्षा महत्त्वाचा कागद लोक विसरतात, तो म्हणजे साईज, वजन, कशावर लटकवायचं, किती हुक, कुठून धरून उचलायचं. एल अनात्सुई म्हणून घानाचे शिल्पकार आहेत, नायजेरियात राहून काम केलं, दारूच्या बाटल्यांची हजारो बुचं तांब्याच्या तारेने जोडून केलेले भले मोठे पडदे, २०१५ ला व्हेनिसच्या बिएनालेत (मोठं जागतिक कलाप्रदर्शन) त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन मिळाला. ते मुद्दामच सांगत नाहीत की पडदा असाच लटकवा. चुण्या कुठे पाडायच्या ते लावणाऱ्याने ठरवायचं, दर ठिकाणी वेगळा दिसतो. आमच्यासारख्या ठोकाठोकीवाल्याला तेवढा मान कुणीच देत नाही, म्हणून मला तो माणूस आवडतो. तुमचं तसं आहे की तुम्हाला अमुकच कोनात पाहिजे, हे लिहून द्या, नाहीतर आम्ही आमच्या मनाने लावतो आणि मग उद्घाटनाला कलाकार रडतो.

सोपटवाला (रावेर तालुका)

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी. धन्यवाद. आबा, ताई, भाऊ सगळ्यांनाच. भाऊ ते शेतकऱ्याचं म्हणाल तर आमच्याकडे वादळात बाग आडवी झालेली आहे, दोनदा, रडलोय पण. पण या कामांचा त्याच्याशी संबंध नाही, खोटं कशाला सांगू.

पांझराभाऊंनी विचारलं म्हणून सांगतो, लांबेल.

घड कापला की खांबाचं काम संपलं, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली). पिलबाग ठेवायची असली तर पिल (बुडाशी फुटलेला नवा कोंब) राहतं आणि जुना खांब कापून बांधावर नाहीतर तिथंच सरीत कुजायला. तो एवढा जड असतो आणि कापला की नुसतं पाणी, धरलं की हातातून पाणी गळतं. मी तो ओढत अंगणात आणतो आणि एकेक पदर सोडवतो. बाहेरचे पदर तपकिरी जाड, आतले पांढरे, गुळगुळीत, आत एका बाजूला जाळीसारखे कप्पे, लहान मुलं त्यात मुंग्या सोडतात. मग पाटावर ठेवून बोथट विळीने खरवडायचं. एका अख्ख्या खांबातून धागा काढायचा म्हटलं तर हातात जेमतेम मूठभर येतो, म्हणून मी सगळाच धागा नाही काढत, अर्धवट खरवडतो, पट्टा ठेवतो. चीक लागतो त्याने बोटं काळी पडतात ती तीन तीन दिवस जात नाहीत, शाळेत पोरं विचारतात सर हे काय झालं, आणि कपड्याला लागला तर तो कपडा बागेचाच झाला, आईने माझे शर्ट वेगळे करून ठेवलेत.

पट्टे पत्र्यावर वाळवायचे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत इतके कडक होतात की वाकवले की तडकन मोडतात. म्हणून गुंडाळायचं काम मी पहाटे ५ ला उठून करतो, रात्रीच्या दवाने सोपट नरम झालेलं असतं, दोन-अडीच तास मिळतात, ऊन आलं की बंद.

आत सांगाडा पराट्यांचा. कपाशी उपटली की जळणाला ढीग लागतो त्यातून निवडतो. पराटी सरळ नसतेच, फांद्या फुटलेल्या, मी तिला सरळ करायला गेलो की मोडते. म्हणून आकृती कशी उभी राहणार ते मी नाही ठरवत, पराटी जिकडे झुकली तिकडे आकृती झुकते. त्याच्यावर सोपटाचे वेढे, आणि वेढ्यावर दोर. दोर आई वळते, सोपटाचाच, मांडीवर, टीव्ही बघता बघता, माझ्याच्याने तसा एकसारखा होत नाही.

आता जी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही ती सांगतो. पहिलं मोठं काम केलं तेव्हा मान ताठ केली होती. वेढे ओले असताना गुंडाळले होते. चार दिवसांनी रात्री ओसरीत झोपलो होतो तर कट् असा आवाज आला, मला वाटलं उंदीर. सकाळी बघतो तर त्याने मान खाली घातलेली. सोपट वाळताना आवळतं आणि आतली पराटी ओढली जाते. मी वाकवली नव्हती. मी सरळ करायला हात लावला आणि मग नाही केली. तेव्हापासून सगळे ताठच करतो आणि वाट बघतो. कुणी मान घालतं, कुणी खांदा पाडतं, एकाने तर पाठच फिरवली, एक तसंच ताठ राहिलं दोन वर्षं झाली.

चटईचं असं की जळगावला एमआयडीसीत चटयांचे कारखाने आहेत ना, आमच्या भागात घरोघर तीच चटई, फाटली की बांधावर. मी तिच्या पट्ट्या सोडवून सोपटात विणतो. चटई वाळत नाही, आवळत नाही, तिला काहीच होत नाही. सोपट आवळत जातं आणि चटई जिथं असेल तिथं फुगून बाहेर येते, निळी नाहीतर लाल. मला आधी ते चुकलं असं वाटायचं. आता तेच बघायला मी मुद्दाम मधे टाकतो.

हे असं आहे बघा. यात कन्सेप्ट काय?

पांझराकाठ (धुळे)

कन्सेप्ट काय विचारतोस लेका! हे कापून २०० शब्द कर आणि पाठव. “मी ताठ करतो आणि वाट बघतो” इथून सुरू कर. मी १४ वर्षात एक पण पुतळा असा नाही बघितला ज्याने रात्री स्वतः मान घातली. आमच्याकडे मान जराशी खाली गेली की कमिटी येते, साहेबांची मान ताठ पाहिजे म्हणते.

चाळीसगावकर

उशिरा आलो धाग्यावर. एक स्थानिक संदर्भ कुणीच दिला नाही म्हणून लिहितो, केकी मूस. आमच्या स्टेशनजवळ त्यांचा बंगला आहे, आता कलादालन. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, मधली कितीतरी दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. लोक त्यांना फोटोग्राफर म्हणून ओळखतात पण टेबल टॉप फोटोग्राफी म्हणजे काय, टेबलावर घरातल्याच किरकोळ वस्तूंचं अख्खं दृश्य उभं करायचं, गाव, झाडं, रान, आणि त्यावर असा उजेड पाडायचा की फोटोत ते खरंखुरं बाहेरचं वाटावं. ती मांडणी म्हणजे शिल्पच की, फोटो झाला की मोडून टाकायची. शिवाय मातीकाम, लाकूडकाम, कागद कापून चित्रं सगळं करायचे. आज याला मिक्स मीडिया म्हणतात, आमच्या गावात त्या काळी म्हातारा खोलीत काय करतो कोण जाणे असं म्हणायचे.

सांगायचा मुद्दा, सोपटवाले, एकदा येऊन बघून जा. मी शाळेत असताना सहलीत गेलो होतो, तेव्हा फोटो खरा की खोटा यावरच आमची भांडणं. गावातल्या गावात तीनदा जाणं झालं, आणि दर वेळी त्या टेबलाचाच विचार करत बाहेर पडलो.

बुरशीचं कुणीच सांगितलं नाही अजून.

पांझराकाठ (धुळे)

हो ते राहिलंच. बुरशीला ओल लागते, तेवढं धर. तुझं सोपट आत ओलं असताना गुंडाळतोस (ते तर पाहिजेच, नाहीतर मान कोण घालणार), पण मग पूर्ण वाळल्याशिवाय प्लॅस्टिकमध्ये बांधू नको. शोला पाठवताना लोक पहिलं तेच करतात, बबल रॅप गच्च, आत घाम, उघडलं की काळं. दुसरं, खळ किंवा कणकेची चिकी वापरत असशील तर बंद कर, बुरशीचं ते जेवण आहे. वापरायचीच असेल तर जुने बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, तसं कर. मोरचूद तुला माहीतच आहे, पिकावर बुरशीसाठी फवारायच्या बोर्डोला वापरता ते. विषारी आहे, हातमोजे घाल, आणि त्याने हिरवट झाक येते, आधी तुकड्यावर बघ.

मी तुझ्या जागी असतो तर टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून खरवडलेले पट्टे त्यात रात्रभर बुडवले असते, मग वाळवायचे. लाकडाला कीड-बुरशी लागू नये म्हणून तेच देतात. पराट्यांना तर नक्की दे, जळणाच्या ढिगातल्या पराटीत भुंगा असतोच. तयार झालेल्या कामावर ब्रशने दोन हात. वरून वॉर्निश नको, चकचकीत दिसेल आणि आतली ओल आतच.

मास्तरीणबाई (नंदुरबार)

यात अजून एक. अजिंठ्याच्या भिंतींचा गिलावा बघा, माती, त्यात भाताचा तूस, झाडाझुडपांचे धागे, वर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. म्हणजे तुमचंच मटेरियल की, धागा आणि माती. अजिंठ्यात त्या गिलाव्याला किड्यांनी पोखरलंय. आणि वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले, त्यावर २०१६ ला एक अभ्यास आला होता, त्यात म्हटलंय की वेरूळला किड्यांचा त्रास कमी झाला तो त्या भांगेमुळे. भांग घाला असं म्हणत नाहीये दादा, पोलीस येतील! पण कडुनिंबाचा पाला पेटीत टाकायला काय हरकत आहे.

भुसावळ जंक्शन (सध्या मुंबई)

गॅलरीत जैविक मटेरियल आलं की आधी सगळे घाबरतात, शेजारच्या पेंटिंगला कीड लागेल म्हणून. म्युझियमवाले अशी वस्तू प्लॅस्टिकमध्ये सील करून डीप फ्रीजला, उणे २० च्या आसपास, आठ-पंधरा दिवस ठेवतात, किडे अंडी सगळं मरतं. बुरशीला उपयोग नाही, किड्यांना आहे. तुमच्याकडे केळीचे रायपनिंग चेंबर भरपूर असतील पण ते नाही चालणार, त्यात किडे मजेत राहतील, वर पिकतील. एखादा आइस्क्रीमवाला ओळखीचा आहे का बघा. आणि मेलवर आधीच कळवून टाका की ट्रीटमेंट केलीय, काय वापरलं, कधी. तेवढ्याने अर्धी भीती जाते.

पाठवताना कशाने?

सोपटवाला (रावेर तालुका)

सावद्याहून केळीची गाडी वाशीला जाते त्यात ओळखीने जागा मिळतेय. हमालदादा म्हणे तुझं बुजगावणं आम्ही घडासारखं पॅक करू, खाली वाळलेल्या पत्तीची गादी, बाजूने पत्ती, काही होत नाही. खरं सांगू का, त्यांनी ज्या पद्धतीने ती पत्ती दाबून दाबून लावली ते बघून मला वाटलं हेच उचलून शोला ठेवावं. पुढच्या कामाचं बघतो काहीतरी.

टाकणखाराचं केलं, वास नाही, रंग पण बदलला नाही. ५ दिवस झाले ठिपके नवीन नाहीत. मोरचूद एका तुकड्यावर लावून बघितलं, हिरवं झालं, आवडलं नाही.

आणि स्टेटमेंट लिहिलं. “मी आकृती ताठ करतो आणि वाट बघतो” इथूनच सुरू केलं. पहिल्या परिच्छेदात खांब, खरवडणं, चीक. मग पराटी. मग तो कट् आवाज. चटई दोन वाक्यात. शेवटी काही नाही लिहिलं, जिथं संपलं तिथं संपवलं, १८७ शब्द झाले. माध्यम म्हणून शोवाल्यांनी छापील फॉर्ममध्ये नुसतं ‘मिश्र माध्यम’ टाकलं होतं ते खोडून लिहिलं: केळीचं सोपट, पराट्या, वापरलेली प्लॅस्टिकची चटई, तार. दोर वळणं, आई. त्यांचा फोन आला की ‘आई’ म्हणजे नाव लिहायचं का नातं. आईला विचारलं तर म्हणे नाव कशाला, पण दोर माझा आहे एवढं लिही.

जंक्शन भाऊ तुमचा कागद पण केला, किती हुक, कुठून उचलायचं. ताठ आहे त्याच्यासाठी वेगळं लिहिलं, याची मान शोमध्ये वाकली तर सरळ करू नये, मला फोटो पाठवावा.

आबांनी सांगितल्याप्रमाणे पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं, दोर आला तेव्हा जरा हसली. मग म्हणे बाकी सगळं खरं आहे पण पहाटे ५ ला उठतो हे कोणाबद्दल लिव्हलं, तू साडेसहाच्या आत कधी उठलाय रे.

ते ‘सकाळी लवकर’ केलंय.